तिरप्या पडद्यांची गिटार

मंदाताई होले यांनी आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार अकोल्यात ताब्यात घेतली ती दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी. खरेदी त्याआधीच झाली होती. मधल्या काळात गिटार एकदा तिथल्या वाद्यदुकानात येऊन परत गेली होती. मंदाताईंचं वय तेव्हा एकोणसाठ. व्यवसाय फुलविक्री.

अमरावतीत राजापेठेच्या पुढे होले कुटुंबाचं हारफुलांचं दुकान आहे. मागे घर, वर एक खोली. त्या खोलीत मी काही वर्षं भाडेकरू होतो आणि एका दैनिकाच्या कचेरीत काम करत होतो. होले दोघे भाऊ. पहाटेचा फुलांचा लिलाव भावांनी करायचा आणि दिवसभराचं दुकान त्यांच्या बायकांनी चालवायचं, अशी वाटणी होती. थोरली जाऊ कांताबाई, धाकटी मंदाताई. कांताबाई गिऱ्हाइकाशी बोलत, मंदाताई हार ओवत. ओवताना त्या वर पाहत नसत. हार संपला की गाठ मारून, दोरा दातानं तोडून तो समोर टाकत आणि पुढचा घेत.

अडचण सांगणाऱ्या माणसाला त्या एकच शब्द बोलत: ‘मंग?’ एवढं विचारून थांबत. समोरच्याला पुढचं बोलावंच लागे. एकदा नालीचं काम काढणारा कंत्राटदार दुकानापुढे आला.

‘‘बाई, उद्यापासून इथं खोदून राहिलो. दुकान बंद ठेवा लागन.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय, काम होईपर्यंत गिऱ्हाईक येणार नाई.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग... फळी टाकून देऊ का, येण्या-जाण्यापुरती?’’

‘‘दोन टाका. एका फळीवर म्हातारी माणसं येत नाई.’’

दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर दोन फळ्या होत्या.

दुकानात फुलं जुन्या वर्तमानपत्रांत बांधली जात, त्यात आमचंही असे. मंदाताई कागद फाडण्याआधी वाचत. संध्याकाळी मी जिना चढताना खालून आवाज यायचा, ‘‘पेपरवाले भाऊ, तुमची पाण्याच्या टाकीची बातमी आज शेवंतीले बांधून देल्ली.’’

‘‘कशी होती?’’

‘‘लांब होती. अर्ध्यातच पुडी झाली.’’

त्यांनी कोणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही. फार झालं तर ‘बरं हाय’.

मंदाताईंचं माहेर अकोला. थोरला भाऊ तिथल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्या शेजारी बसून, तो कामाला गेला की गिटार काढून, त्या वाजवायला शिकल्या. भावाला रेल्वेत नोकरी लागली आणि मंदाताईंचं लग्न ठरलं, ते एकाच वर्षी. रुखवतात त्यानं ती गिटार ठेवली. सासरी कोणी काही विचारलं नाही, कारण खोक्यात शिलाई मशीनचा भाग असावा असं समजून ती माळ्यावर गेली. माळा साफ करताना ती कांताबाईंना सापडली.

‘‘हे वाजते का?’’ त्यांनी धाकट्या जावेला विचारलं.

‘‘वाजते.’’

‘‘मंग वर काहून ठेवली? खाली आण.’’

कांताबाईंचं महिलांचं खंजेरी भजन मंडळ होतं. त्या मुख्य गायिका. दोन खंजेऱ्या, ढोलकी, पेटी, जी मोकळी असेल तिच्या हाती झांज आणि मागे धरणाऱ्या बायका असा संच. त्यात गिटार आली. गावोगावच्या स्पर्धांत पहिली काही वर्षं लोक मंडळ ऐकण्याऐवजी गिटारवाली बाई पाहायला उठून पुढे येत, असं कांताबाई सांगत. मंदाताई मांडी घालून बसत, पदर कमरेला खोचत आणि गिटार डाव्या मांडीवर तिरपी उभी धरत. पट्टा त्यांनी कधी लावला नाही. तार छेडायला मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा त्रिकोणी तुकडा.

त्यांच्या वाजवण्याची एक पद्धत होती. सगळ्यात जाड तार कांताबाईंच्या ‘सा’मध्ये लावायची आणि ती मोकळी घुमत ठेवायची. बाकीच्या तारांवर चाल. बोटं दाबून दुसऱ्या जागी तोच सूर मिळतो, हे त्यांना माहीत होतं. पण दाबलेली तार आणि मोकळी तार यांचा आवाज सारखा नसतो, एवढं सांगून त्या विषय संपवत.

अडचण इथेच आली. वय वाढलं तसा कांताबाईंचा आवाज खाली गेला. मी राहायला आलो तेव्हा त्या पेटीवरच्या पांढरी तीनमध्ये गात. पुढे पांढरी दोन. नंतर पांढरी एक. दर वेळी मंदाताईंना जाड तार ढिली करावी लागे. ढिली तार लोंबते आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे पडद्यांना, घासते. पांढरी एकमध्ये गिटार खरखर करू लागली. चांदूर बाजारच्या स्पर्धेत परीक्षकानं माइकवरून शेरा दिला: गायन उत्तम, ठेका उत्तम, तारवाद्याची खरखर टाळावी.

परतीच्या जीपमध्ये मंडळ होतं आणि बातमीसाठी गेलेला मीही होतो.

‘‘मंदा, सगळ्याइसमोर सांगतलं त्यानं,’’ कांताबाई म्हणाल्या.

‘‘मले ऐकू आलं.’’

‘‘मंग त्याचं काय करायचं?’’

‘‘तुमचा आवाज खाली गेला, कांताबाई. तार ढिली करा लागते. ढिली केली का घासते.’’

‘‘म्हणजे दोष माह्या आवाजाचा?’’

‘‘दोष कोणाचाच नाई. आवाज खाली जाईन, तर तारेनं बी खाली गेलं पायजे.’’

‘‘तारेले तू सांग ते. पुढच्या सालच्या स्पर्धेत गिटार साफ वाजली, तर गिटार. नाई तर तू झांज घे. झांज बी वाजवा लागते कोणाले तरी.’’

मागच्या सीटवर कोणीतरी हसलं आणि थांबलं. मंदाताई खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा पाहत होत्या.

घरात या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. घरात दोघी जावा होत्या. कोणाच्या डब्यात काय, दूध आलं का, एवढंच बोलत. झांजेचा निर्णय मंडळाचा होता आणि मंडळात कांताबाई प्रमुख होत्या. मंदाताईंनी ती हद्द पाळली. पण त्या कामाला लागल्या.

आधी त्यांनी जुन्या गिटारीवर जाड तारा चढवून पाहिल्या. खरखर कमी झाली, पण वरच्या पडद्यांवर सूर चढू लागला. मग पडद्यांपासून तार थोडी उचलून घेतली. बोटं दुखू लागली आणि सूर आणखी बिघडला. तेव्हा त्यांनी फोन घेतला. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या दुकानात बसून गिटारीचे व्हिडिओ पाहत. केस कमरेपर्यंत वाढवलेले, काळे कपडे घातलेले परदेशी तरुण त्यात डोकं हलवून वाजवत असत.

कांताबाई मागून डोकावल्या. ‘‘हा कोण वो?’’

‘‘गिटारवाला हाय.’’

‘‘याले कोणी मारलं का? असा काहून ओरडते?’’

‘‘ओरडू द्या त्याले. तार पाहा. किती खाली गेली, पण लोंबली नाई.’’

कांताबाईंनी थोडा वेळ पाहिलं. ‘‘केसाले तेल नाई,’’ म्हणून त्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

त्या तरुणांच्या हातातली गिटार वेगळी होती. तिला सहाऐवजी आठ तारा, वाढलेल्या दोन्ही खालच्या सुरांच्या. अशा वाद्याला एक्स्टेंडेड रेंज म्हणतात. काहींचे पडदे सरळ नव्हते, पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले होते. त्याला मल्टिस्केल म्हणतात. त्यात जाड तारेची लांबी जास्त असते आणि बारीक तारेची कमी. लांब तार खालच्या सुरातही ताठ राहते. बारीक तारा आखूड असल्यानं लहान हातालाही बोटं ताणावी लागत नाहीत. मंदाताईंचे हात लहान होते. त्यांनी ठरवलं: आठ तारा आणि तिरपे पडदे. दोन्ही पाहिजेत.

किमतीची मर्यादा त्यांनीच घालून घेतली. दुकानातला फुलं ठेवायचा फ्रिज त्या वर्षी बदलायचा होता. तो आणखी एक साल चालवायचा आणि गिटार त्या फ्रिजच्या भावात बसवायची. त्या भावात बसणारी एकच मिळाली. साध्या लाकडाची, काळी, नाव कोणी ऐकलेलं नाही अशा कंपनीची. मंदाताईंनी तिचं माप, तारांची जाडी आणि घेतलेल्यांचे बरेवाईट अभिप्राय वाचले. बहुतेकांची तक्रार होती की तारा लावायच्या चाव्या जड फिरतात. ‘‘पेटीचा भाता बी जड असते,’’ त्या म्हणाल्या.

ऑनलाइन मागवलेली वस्तू सरळ घरी येऊ शकली असती. तशी मागवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. महागाची वस्तू ओळखीच्या माणसानं पाहून घेतल्याशिवाय घ्यायची नाही, हा होल्यांच्या घरातला नियम होता. फ्रिज, सायकल, मुलींचे दागिने, सगळं तसंच आलं होतं. म्हणून पत्ता दिला गेला अकोल्याच्या अन्वरभाईंचा. अन्वरभाई म्हणजे भावाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवणारे. आता कापड बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वाद्यदुकान होतं. ऑर्डर त्यांनीच आपल्या फोनवरून टाकली. माल आला की नीट तपासून कळवायचं, असं ठरलं.

अन्वरभाईंनी माल नीट तपासला. मग मंदाताईंना फोन केला. तो संवाद दोघांनीही मला नंतर सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

‘‘ताई, माल आला होता. पण धोका झाला आपल्यासंगं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘पडदे तिरपे बसवले हाय त्याइनं. एक बी सरळ नाई. सुताराचा गुण्या आणून लावला मी, काटकोनच नाई भेटला. कारागीर नवा असन, नाई तर मशीन सरकली असन. मी काई ऐकून घेतलं नाई, आज सकाळीच वापस मारला. तुमी फिकर नका करू.’’



‘‘अन्वरभाई, ते तिरपेच पायजेत.’’

‘‘तिरपे कावून पायजेत?’’

‘‘तुमी इतकी सालं ड्रम वाजवले. मोठा ड्रम अन् लहान ड्रम एकाच मापाचे होते का?’’

‘‘नाई. मोठ्याले मोठं माप लागन ना.’’

‘‘मंग?’’

अन्वरभाईंना समजायला वेळ लागला नाही. ‘‘या अल्ला! ताई, मी तर खड्ड्यात गेलो.’’

‘‘तुमी नंतर जा. आधी माल कुठी हाय ते सांगा.’’

माल कुरिअरवाल्यांनी सकाळी उचलला होता. त्यांच्या अकोल्याच्या गोदामातून तो दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत चढणार होता. नवी मागवावी म्हणून मंदाताईंनी पाहिलं, तर त्या भावातली गिटार संपली होती; पुढचा माल संक्रांतीनंतर येणार होता. चांदूर बाजारची स्पर्धा मार्गशीर्षात होती.

शनिवारी सकाळी त्यांनी अमरावतीहून एसटी पकडली. माझी बदली तोवर अकोल्याला झाली होती. मूर्तिजापूरहून त्यांचा फोन आला.

‘‘पेपरवाले भाऊ, तुमी कुठी हाय?’’

‘‘कचेरीत.’’

‘‘गोदामापाशी येऊन उभे रहा. पण बोलू नका.’’

‘‘बोलायचं नसेल तर कशाला येऊ?’’

‘‘उभं राहायले. पेपरवाला उभा असला का माणूस नीट बोलते. पेपरवाला बोलला का तो साहेबाले फोन लावते, अन् साहेब आला का काम बंद.’’

गोदाम शहराबाहेर होतं. पत्र्याची शेड, आत खोक्यांचे ढीग, दाराशी टेबल, टेबलामागे एक कर्मचारी. मंदाताईंनी येताना पिशवीभर शेवंती आणि दोरा आणला होता. दाराच्या पायरीवर बसून त्यांनी गजरा ओवायला घेतला आणि बोलणं सुरू केलं. अन्वरभाई बाजूला उभे होते. मी मागे.

‘‘काकू, ते पार्सल रिटर्न पडलं,’’ कर्मचारी म्हणाला. ‘‘आता ते कंपनीचं.’’

‘‘कंपनीले पायजे का ते?’’

‘‘ते मले काय मालूम?’’

‘‘इचारा.’’

‘‘असं इचारता नाई येत.’’

‘‘मंग?’’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उभा होतो.

‘‘ज्याच्या फोनवरून ऑर्डर हाय, त्यानं रिटर्न कॅन्सल केलं तर होते,’’ तो म्हणाला.

अन्वरभाईंनी फोन काढला. चष्मा दुकानात राहिला होता. आलेला ओटीपीचा आकडा ते लांब धरून वाचत, टाकत, आणि तोवर मुदत संपे. मंदाताईंनी गजरा खाली ठेवला, फोन हातात घेतला आणि आकडा टाकला. रिटर्न रद्द झाल्याचा संदेश आला. त्यांनी तो टेबलापुढे धरला.

‘‘झालं. आता द्या.’’

‘‘इथं देता येत नाई, काकू. डिलिव्हरी पत्त्यावर असते. पत्ता दुकानाचा हाय.’’

‘‘दुकानदार हा उभा हाय ना.’’

‘‘दुकानदार उभा हाय. पण दुकान इथं नाई ना.’’

अन्वरभाई म्हणाले, ‘‘बात तर बरोबर हाय त्याची.’’

‘‘तुमी गप बसा,’’ मंदाताई म्हणाल्या. मग कर्मचाऱ्याला: ‘‘दुकानाकडं गाडी कवा जाते?’’

‘‘एक आता निघून राहिली. पण तिचा माल भरला. तुमचं सोमवारी जाईन.’’

‘‘सोमवारी इथंच हाय का परत तिकडं गेलं, ते कोण सांगन? याच गाडीत टाका. एक खोकं हाय. मी गाडीच्या मागं मागं येईन.’’

‘‘काहून?’’

‘‘पाहायले.’’

कर्मचाऱ्यानं ढिगातून लांब खोकं काढलं आणि गाडीत आडवं टाकलं. गाडी निघाली. मागे अन्वरभाईंची स्कूटर, तिच्यावर मंदाताई, त्यामागे माझी मोटारसायकल.

गाडीवाल्याला त्यांनी पहिल्याच थांब्यावर गाठलं. ‘‘भाऊ, आधी कापड बाजारात चाल ना.’’

‘‘रूट हाय, काकू. उलटा नाई चालत. तुमचं शेवटी.’’

‘‘किती घरं हाय मधात?’’

‘‘लय हाय.’’

गोरक्षण रोडवर त्यांनी फक्त वाट पाहिली. जठारपेठेत एका घराचं दार उघडेना, तेव्हा स्कूटरवरूनच हाक मारली, ‘‘वो बाई! पार्सल आलं तुमचं! कुठी हाय तुमी?’’ दार उघडलं. रतनलाल प्लॉटमध्ये गाडीवाला खोकी शोधत असताना त्या त्याच्या हातातून लहान पुडकी घेऊन जिने चढू लागल्या. एका घरच्या बाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, ‘‘या वयात कंपनीनं उन्हातान्हाचं फिरवू नये तुमाले.’’ मंदाताई पाणी प्यायल्या आणि त्यांनी मान हलवली. खाली आल्यावर त्या गाडीवाल्याला म्हणाल्या, ‘‘वरच्या बाईचं पार्सल देल्लं. सही नाई लागत ना?’’

‘‘फोटो लागते, काकू.’’

त्या पुन्हा जिना चढल्या.

कापड बाजारामागच्या गल्लीत गाडी पोचली तेव्हा रूट एरवीपेक्षा लवकर संपल्याचं गाडीवाल्यानं सांगितलं. नियमाप्रमाणे अन्वरभाईंना दुकानाच्या आत जाऊन, खोकं हातात धरून उभं राहावं लागलं. फोटो निघाला. मंदाताईंनी गोदामात ओवलेला गजरा गाडीवाल्याच्या हातात दिला. ‘‘घरी ने.’’

खोकं त्यांनी स्वतः उघडलं. दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसल्या, गिटार डाव्या मांडीवर उभी केली, अन्वरभाईंकडून वायर घेऊन दुकानातल्या स्पीकरला जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. काचेच्या कपाटात टांगलेल्या डफल्यांच्या चकत्या वाजल्या. अन्वरभाईंनी कपाटाला हात लावला तेव्हा त्या थांबल्या.

मंदाताईंनी पुन्हा तार छेडली. शेवटपर्यंत ऐकली.

‘‘बरं हाय,’’ त्या म्हणाल्या.

अन्वरभाईंनी सुताराचा गुण्या उचलून खाटेखाली सरकवला.

पुढच्या काळात मी अमरावतीला आलो की दुकानात थांबत असे. दुपारी शटर अर्धं खाली असे आणि आतून वायर न जोडलेल्या गिटारीचा बारीक आवाज येई. सहा तारांच्या सवयीचा हात आठ तारांवर चुकत होता. जिथे जुनी जाड तार असायची तिथे आता तिसरीच लागे. चूक झाली की त्या चाल तिथूनच पुढे नेत नसत, पहिल्यापासून घेत. भाजीवाली, दूधवाला, शेजारचा शिंपी यांना त्या भजनाची पहिली ओळ पाठ झाली होती, पुढची कोणाला येत नव्हती. शिंपी म्हणाला, ‘‘ताई, एकदा तरी दुसरं कडवं ऐकवा वो, कापड कापताना हात तिथंच अडकून राहिला.’’

‘‘पयलं साफ आल्याशिवाय दुसरं नाई,’’ आतून उत्तर आलं.

कांताबाई त्या वेळेत माजघरात असत. त्या बाहेर येऊन ऐकत नसत. ‘‘तालमीत ऐकीन,’’ एवढंच म्हणाल्या होत्या.

तालीम होल्यांच्याच घरी, मधल्या खोलीत झाली. मी दारात उभा होतो. सगळ्या बायका आल्या. झांज खुंटीवरून काढून मध्ये सतरंजीवर ठेवलेली होती. ती कोणी उचलली नाही. कांताबाईंनी पांढरी एकमध्ये सूर धरला. खंजेरी सुरू झाली, पेटी आली, मग स्पीकरला जोडलेली गिटार. पहिली ओळ संपण्याआधी कांताबाई गायच्या थांबल्या. खंजेरी दोन ठेके पुढे जाऊन थांबली.

‘‘काय झालं, बाई?’’ ढोलकीवालीनं विचारलं.

कांताबाईंनी सतरंजीवर तळवा टेकवला होता. ‘‘काई नाई. खालून आवाज आल्यासारखा वाटला.’’ मग मंदाताईंकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘घरात वाजते बरी. स्पर्धेत पाहू. धरा पुन्हा.’’

स्पर्धेचा दिवस थंड होता. चांदूर बाजारला मंडप शाळेच्या मैदानात होता आणि परीक्षक मागच्याच वर्षीचे होते. मंडळाला दोन भजनं म्हणायची होती. पहिलं पांढरी एकमध्ये झालं. शेवटच्या कडव्यात कांताबाईंचा आवाज वरच्या जागेला दोनदा तुटला. भजन संपलं. निवेदक माइकवर देणगीदारांची नावं वाचू लागला. कांताबाईंनी पेटीवालीकडे पाहून तळवा खाली दाबला. आणखी खाली. पेटीवालीनं बोट एका पट्टीनं सरकवलं. खालच्या सप्तकातली पांढरी सात.

या पट्टीत मंडळ त्याआधी कधी गायलं नव्हतं.

मंदाताईंनी चाव्या फिरवायला घेतल्या. चाव्या जड होत्या. एक तार, दुसरी, तिसरी. कान दांडीला लावून त्या छेडत आणि फिरवत होत्या. मंडपात निवेदकाचा आवाज मोठा होता.

‘‘मंदा, झालं का?’’

‘‘थांबा.’’

‘‘तो नावं संपवून राहिला.’’

‘‘संपवू द्या.’’

नावं संपली. मंडपात शांतता झाली. मंदाताई अजून एका तारेवर होत्या. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. कांताबाई घसा साफ करून तशाच बसून राहिल्या. त्यांनी सुरुवात केली नाही.

‘‘धरा,’’ मंदाताई म्हणाल्या.

कांताबाईंनी सूर धरला. आवाज खाली, रुंद आणि न तुटता आला. त्याखाली मोकळी तार सुरू झाली आणि भजन संपेपर्यंत चालू राहिली. खरखर झाली नाही. मी परीक्षकांच्या मागच्या रांगेत होतो.

मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा असा: दुसऱ्या भजनात खंजेरीची लय किंचित वाढली.

परतीच्या जीपमध्ये कांताबाईंनी मफलर सोडून विचारलं, ‘‘तारेबद्दल काई बोलला का तो?’’

‘‘नाई,’’ पेटीवाली म्हणाली.

‘‘काईच नाई?’’

‘‘काईच नाई.’’

कांताबाईंनी मफलर पुन्हा गुंडाळला. मंदाताई झोपल्या होत्या. झांज कोणी घ्यायची, याबद्दल त्या प्रवासात कोणी काही बोललं नाही, आणि घरी गेल्यावरही नाही.

मंदाताईंना मी शेवटचं पाहिलं ते संक्रांतीनंतर, परतवाड्याच्या बसस्टँडबाहेर. त्यानंतर माझी विदर्भाबाहेर बदली झाली. त्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम सेमाडोहला होता आणि बायका जीपची वाट पाहत होत्या. जीप आली. सामान चढू लागलं. पेटी टपावर गेली. ढोलकी गेली. ड्रायव्हरनं गिटारीच्या खोक्याला हात घातला.

‘‘ते आत,’’ कांताबाई म्हणाल्या.

‘‘आजी, आत ठेवलं तर एका सवारीची जागा जाते.’’

‘‘जाऊ दे. झांजवालीले मागच्या जीपमधी बसव.’’

मंदाताई तोवर चढून खिडकीशी बसल्या होत्या. कांताबाई चढल्या. खोकं दोघींच्या मध्ये उभं राहिलं. आता झांज घेऊ लागलेली बाई, शेजारच्या शिंप्याची बायको, मागच्या जीपमध्ये बसली. पुढची जीप आधी सुटली आणि घटांगच्या रस्त्याला लागली.